नको नावाची पट्टी

अक्षता पडून अर्धा तास झाला होता आणि मृणालच्या स्क्रीनवर पाच पट्ट्या उघड्या होत्या. मी मोजल्या. मोजायची काही गरज नव्हती, गेले चार महिने मला त्या रोज दिसत होत्या. पण दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तशी माझी नजर तिकडेच जायची.

"शैलाताई, नवरदेवाच्या आत्याचं नाव काय लिहिलंय?"

"यादीत आहे."

"यादी तुमच्याकडे आहे ना?"

होती खरी. माझ्या मांडीखाली. मी ती काढून दिली, पण लगेच नाही.

मंगल कार्यालयाच्या भांड्यांच्या खोलीत आम्हाला जागा दिली होती. एका बाजूला पातेल्यांची उतरंड, दुसऱ्या बाजूला आमची दोन टेबलं आणि दोन लॅपटॉप. सकाळच्या लग्नाची आठ मिनिटांची फिल्म करून संध्याकाळी सातला रिसेप्शनमध्ये पडद्यावर दाखवायची, असं काम होतं. मिरजेत तेव्हा हे नवं होतं. आमच्या मालकांनी, म्हणजे अण्णा चौगुल्यांनी, सहा तासांत फिल्म करून देतो असा शब्द दिला आणि सकाळी सातला कामं वाटली. मृणाल फिल्म करेल. शैलाबाई नावं टाइप करतील.

नावं! चौदा वर्षं मी अण्णांकडे होते. व्हिडिओ कॅसेटच्या दोन मशीनी समोरासमोर लावून मी लग्नं जोडलेली आहेत. मिरजेतल्या निम्म्या संसारांची सुरुवात माझ्या हातून कापली गेली आहे. आणि ही बाई चार महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या बदलीबरोबर बेळगावहून आली, नि मी तिच्यासाठी आत्याबाईंची नावं टाइप करत बसले होते.

मला मत्सर वाटत होता, असं मी म्हणणार नाही. तो शब्द फार सभ्य आहे. मी जळत होते.

पट्टी म्हणजे टाइमलाइन. स्क्रीनच्या तळाला एक आडवी पट्टी असते. कॅमेऱ्यातले तुकडे तिच्यावर एकापुढे एक मांडायचे, नको तिथे कापायचे, झाली फिल्म. मी आयुष्यभर एकाच पट्टीवर काम केलं. सगळं लग्न तिच्यावर ओतायचं आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत बसायचं. हळदीतला तुकडा वरातीजवळ हवा असेल तर दोन तासांचं लग्न ओलांडून जायचं आणि तेवढंच परत यायचं. एका लग्नाला मला नऊ दिवस लागत. घाई केली तर आठ.

मृणाल पाच पट्ट्या एकाखाली एक लावायची. सगळ्यात वर 'सगळं'. खाली 'मुलाकडचे' आणि 'मुलीकडचे', कारण आमच्याकडे दोन्ही घरांना आपापली माणसं जास्त दिसणारी वेगळी फिल्म लागते, नाहीतर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्याखाली तयार होत असलेली फिल्म. त्या दिवशी तिचं नाव 'संध्याकाळ' होतं. आणि तळाला 'नको'. वरचा तुकडा उचलायचा, खाली ठेवायचा. सरकणं नाही, शोधणं नाही. तीन दिवसांत लग्न, तेही दोन्ही घरांचं. माझ्या नऊ दिवसांच्या कामाचा असा फडशा पडताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात ती स्वभावाने चांगली. हे तर अगदीच सहन होण्यासारखं नव्हतं. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "ताई, दाखवू का तुम्हाला? फार सोपं आहे."

"मला एक पुरते गं," मी म्हटलं होतं.

आणि मग चोरून शिकले. ती जेवायला गेली की तिच्या खुर्चीत बसायचं, पाच पट्ट्या लावून बघायच्या, तिची पावलं वाजली की उठायचं. दोन महिन्यांत मला सगळं यायला लागलं. पण कबूल कसं करणार? अण्णांना तर मी येता-जाता सांगत होते, "पाच-पाच उघड्या ठेवते, एक दिवस घोळ घालणार बघा."

अण्णा हसायचे. "घालू दे की. तवर तुमचं एक लग्न हुतंय, तिची तीन हुत्यात."

खरी गोष्ट सांगलीची होती. दसऱ्याला अण्णा सांगलीत नवा स्टुडिओ काढत होते. पाच कॉम्प्युटर, वेगळी काचेची खोली आणि सगळं बघायला एक मुख्य. चौदा वर्षं मी त्या खोलीचीच वाट पाहत होते, फक्त ती सांगलीत असेल हे मला माहीत नव्हतं. ती खोली माझी, हे मी घरी सांगूनही टाकलं होतं. नवऱ्याने चार लोकांना सांगितलं होतं. नणंदेने फोन करून पेढे मागितले होते.

दुपारी साडेतीनला फिल्म जवळजवळ झाली होती. आमचा कॅमेरावाला रमजान शेवटचं कार्ड देऊन गेला होता. मृणाल मान न वळवता काम करत होती. माऊसचा आवाज सोडला तर खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

दारात नवरीचे वडील आले. बळवंत माळी, एसटीत कंडक्टर होते, त्याच वर्षी रिटायर झाले होते. सकाळी त्यांच्या डोक्याला केशरी फेटा होता, आता नव्हता. उकाड्याने काढला असेल, असं मला वाटलं. लग्नातल्या बापाच्या मानाने माणूस फारच शांत होता.

"पोरींनो, जेवला न्हाईसा अजून? शेवटची पंगत बसलीय. उठा बघू."

मृणाल दचकली. तिने स्क्रीनवरचा एक तुकडा घाईने उचलून खाली टाकला आणि लॅपटॉपचं झाकण अर्धवट खाली केलं. कशासाठी, ते मला कळलं नाही. मी माझ्या टेबलावरून फक्त तिचा हात पाहिला.

"काका, दहा मिनिटं," ती म्हणाली.

"दहा मिनिटांनी जिलबी संपतीया. चला, मी स्वतः वाढतो."

"तू जा," मी म्हटलं. "मी मघाशी थोडं खाल्लंय." खाल्लं नव्हतं. तिच्या शेजारी पंगतीला बसून तिचं कौतुक ऐकायची माझी तयारी नव्हती.

मृणाल उठली. "ताई, फिल्म झालीय. अण्णा पेन ड्राइव्ह आणायला गेलेत. ते आले की फक्त एक्सपोर्ट दाबा. बाकी काही करायचं नाही." आणि जाता जाता थांबून म्हणाली, "तुमच्या नावांनी काय छान दिसतंय हो."

ती गेल्यावर मी तिच्या खुर्चीत बसले आणि झाकण वर केलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पट्ट्या पाच उघड्या असल्या तरी कॉम्प्युटरला एका वेळी एकच कळते. जिच्यावर शेवटचा हात लागला तिच्याभोवती बारीक निळी चौकट येते, आणि एक्सपोर्ट दाबलं की तीच पट्टी फिल्म होऊन बाहेर पडते. निळी चौकट 'नको'भोवती होती.

गडबडीत राहिली होती. एवढी चार महिने न चुकलेली बाई, आणि चुकली होती. 'संध्याकाळ'वर एक बोट टेकवलं असतं तर काम झालं असतं.

मी 'नको'चं सुरुवातीचं थोडं चालवून पाहिलं. हललेला कॅमेरा, पाठमोरी माणसं, जांभई देणारे भटजी, पदर सावरणारी कुणीतरी बाई. मला हसू आलं. एवढ्यात अण्णा पेन ड्राइव्ह घेऊन आले. खुशीत होते. पातेल्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "शैलाबाई, एक सांगू का? सांगलीचं ठरवलं मी. मृणालला पाठवतो."

मी माऊसवर हात ठेवला.

"तुमी हितं हायसाच की. तुमच्याशिवाय मिरज कशी चालंल?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"राग न्हाई न्हवं?"

"राग कसला?"

आणि मी एक्सपोर्ट दाबलं.

चार मिनिटं लागली. एक्सपोर्टची रेघ भरत होती, अण्णा सांगलीच्या काचेच्या खोलीचं वर्णन करत होते, एसी कुठे बसवणार वगैरे. थांबवायचं बटण माझ्या बोटापासून दोन इंचांवर होतं. मी मनातल्या मनात तो प्रसंग रंगवत होते. पडद्यावर जांभई देणारे भटजी येतील, सगळे खो-खो हसतील, अण्णांचं तोंड उतरेल आणि मी काहीच म्हणणार नाही. एवढंच मला हवं होतं. जरा हसं व्हावं तिचं.

अण्णा पेन ड्राइव्ह घेऊन गेले. दहा मिनिटांनी मृणाल हात पुसत आली.

"झालं, ताई?"

"झालं."

तिने लॅपटॉप बंद केला आणि पदराखालून कागदात बांधलेल्या चार जिलब्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी खाल्ल्या. भूक लागली होती.

सात वाजता दिवे मंद झाले. पाच-सहाशे माणूस होतं. व्यासपीठावर नवरा-नवरी, शेजारी दोन्हीकडचे मानकरी. पडदा उजळला, भटजींनी जांभई दिली आणि सभागृह हसलं. मोकळं, आनंदी हसू होतं ते. लोकांना वाटलं, मुद्दाम गमतीची फिल्म केली आहे. मी मृणालकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो बघताना मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

मग पडद्यावर सकाळचा मानपान आला.

नवऱ्याकडच्या मानकऱ्यांना फेटे बांधणं चाललं होतं. एक फेटा कमी पडला होता. नवऱ्याचे थोरले चुलते बोडक्या डोक्याने खुर्चीत बसले होते, तोंड फिरवून. बळवंत माळी त्यांच्यापुढे आले. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा केशरी फेटा दोन्ही हातांनी उचलला, तसाच बांधलेला, आणि चुलत्यांच्या डोक्यावर ठेवला. चुलत्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग बळवंतराव खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कॅमेऱ्याचा आवाज चालू होता. सहाशे माणसांना स्पीकरमधून ऐकू आलं, "पाव्हणं, राग धरू नका. पोरीचा बाप हाय मी. माझाच घ्या."

चुलते उठा म्हणाले नाहीत. बळवंतराव वाकलेलेच राहिले. मागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, तोही फिल्ममधलाच.

मृणाल खुर्च्या ओलांडत धावली आणि तिने वायर उपसली. पडदा काळा झाला. नवरी खुर्चीतून उठली आणि परत बसली. तिला हे माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. चुलते चप्पल शोधत होते.

आणि बळवंत माळी जेवणाच्या टेबलांपाशी उभे राहून जो दिसेल त्याला सांगत होते, "जेवून जायचं बरं का. जेवल्याशिवाय कुणी जायचं न्हाई."

मला तो तुकडा माहीत नव्हता. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि पुढेही पुष्कळदा सांगितलं. मी फक्त सुरुवातीचं पाहिलं होतं. पण तो तिथे का ठेवला होता, दारात कोण उभं असताना मृणालने झाकण खाली केलं होतं, हे मला आता एका क्षणात समजलं. तिने तो त्यांच्यापासून लपवला होता. त्या घाईतच निळी चौकट 'नको'वर राहिली.

मृणाल सरळ त्यांच्यापाशी गेली. मी मागेच होते.

"काका, माझी चूक झाली. हे दाखवायचं नव्हतं. मी काढून ठेवलं होतं."

बळवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. "तू काढलंवतंस?"

"हो."

"मग तुझी कशी काय चूक, पोरी?"

याचं उत्तर मला देता आलं असतं.

भांड्यांच्या खोलीत अण्णांचा आवाज चढला होता. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कुणी काढली ही फिल्म? कुणी बघितलं का न्हाई? शैलाबाई, दाबलं तुमी न्हवं?"

"दाबा म्हणून ती सांगून गेली, मी दाबलं," मी म्हटलं. आवाज अगदी सरळ आला. "तिच्या पाच पट्ट्या. त्यातली कुठली चालू, कुठली बंद, मला काय कळतंय? मी एका पट्टीवर काम करणारी बाई."

यावर मृणाल माझ्याविरुद्ध काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला संशय आला असता, ती भांडली असती, तर मी तिला आणखी खोटं पाडलं असतं आणि आमचं शत्रुत्व तरी सरळ झालं असतं. पण ती मध्ये पडली.

"ताईंना नका बोलू, अण्णा. त्यांना खरंच माहीत नाही, त्या कधी वापरतच नाहीत. उठताना मी शेवटचा तुकडा 'नको'त टाकला आणि तशीच गेले. मीच तपासून जायला हवं होतं. त्यांनी पाहिलं असतं तर थांबवलं नसतं का?"

अण्णा माझ्याकडे वळले. "तुमी म्हणाला हुता," ते म्हणाले. "पाच-पाच उघड्या ठेवती म्हणून. म्या ऐकलं न्हाई."

दसऱ्याला मी सांगलीला गेले. काचेची खोली मिळाली, एसी मिळाला, दारावर नावाची पाटी लागली. नणंद पेढे घेऊन गेली. मृणालला अण्णांनी काढलं नाही, माझ्या हाताखाली दिलं. मीच तसं सुचवलं. लोकांना वाटलं, शैलाबाईंचं मन मोठं.

याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या स्क्रीनवर पाच पट्ट्या असतात, कधी सहा. सांगलीला आल्यावर महिन्याभराने मी उघडपणे सुरू केलं. नव्या काळाबरोबर जायला हवं, असं म्हटलं. लग्न माझं तीन दिवसांत होतं. नवी पोरं बघत उभी राहतात.

मृणाल एका पट्टीवर काम करते. त्या दिवसानंतर तिने दुसरी कधी उघडली नाही. सगळं लग्न एकीवर ओतते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत बसते. तिला नऊ दिवस लागतात. अण्णा महिन्यातून एकदा येतात, तिच्या खुर्चीमागे थोडा वेळ उभे राहतात आणि बाहेर येऊन मला म्हणतात, "काय वो, किती फाष्ट हुती ही."

एकदा मी सांगायचं ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, दुपारी, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "मृणाल, ते माळींचं लग्न आठवतं?"

तिचा हात थांबला. "नको ना ताई, ते नका काढू. मला अजून ते काका दिसतात." मग म्हणाली, "तुम्ही त्या वेळी किती सांभाळून घेतलंत. दुसऱ्या कुणी ठेवलं नसतं मला."

मी डबा उघडला. आम्ही जेवलो.

तिच्या समोर आता एकच पट्टी असते. चुकीची चालू राहायला दुसरी नसतेच. तरीही एक्सपोर्ट दाबायच्या आधी, प्रत्येक लग्नाला, ती काचेवर टकटक करते आणि दारातून डोकं आत घालते.

"ताई, जरा येऊन बघता? बरोबर आहे ना, एकदा बघून सांगा. तुम्ही बघितल्याशिवाय माझा हात होत नाही."

मी उठते. तिच्या खुर्चीमागे उभी राहते आणि बघितल्यासारखं करून सांगते, "बरोबर आहे. दाब."